रान सांभाळणाऱ्यांची शाळा

११ सप्टेंबर येतो तेव्हा श्रावण सरत आलेला असतो, नाहीतर भाद्रपद लागलेला असतो. कुठे पोळ्याच्या बैलांची शिंगे रंगत असतात, कुठे मखराची लगबग चाललेली असते, कुठे पितृपंधरवड्याची पाने वाढली जात असतात. पावसाने धुतलेले रान या दिवसांत आपल्या उंबरठ्याच्या आत येते: आघाडा, दूर्वा, केवडा, तेरडा, शमी. घरातली वडीलधारी माणसे मुलांना पाने ओळखायला शिकवतात ती याच दिवसांत, आणि गेलेल्यांचे स्मरण करण्याचे दिवसही हेच. राष्ट्रीय वन हुतात्मा दिन नेमका या सुमारास यावा, हे म्हणूनच आपल्याला परके वाटत नाही. त्या सकाळी ठिकठिकाणच्या वन कार्यालयांसमोर खाकी गणवेशातली माणसे रांगेत उभी राहतात, दोन मिनिटे स्तब्ध होतात आणि मग आपापल्या बीटवर निघून जातात.

या तारखेमागची कथा मारवाडातली आहे. १७३० साली, भाद्रपद शुद्ध दशमीला, जोधपूरजवळच्या खेजडली गावात महाराजा अभयसिंहांचे लोक झाडे तोडायला आले. महालाच्या बांधकामासाठी चुना भाजायचा होता आणि भट्टीला लाकूड हवे होते. गाव बिश्नोईंचे. हिरवे झाड तोडू द्यायचे नाही, हा गुरू जांभेश्वरांनी त्यांना घालून दिलेल्या एकोणतीस नियमांपैकी एक. गावातल्या अमृतादेवी झाडाला कवटाळून उभ्या राहिल्या आणि कुऱ्हाड त्यांच्यावर चालली. मग त्यांच्या मुली पुढे आल्या, मग शेजारपाजारच्या गावांतली माणसे. परंपरा सांगते, त्या ठिकाणी ३६३ जणांनी प्राण दिले. ती झाडे खेजडीची होती, म्हणजे आपण गणपतीला जिची पाने वाहतो आणि दसऱ्याला जिचे पूजन करतो त्या शमीची. खेजडलीत आजही त्या तिथीला मेळा भरतो, आणि २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ सप्टेंबर हा दिवस वन हुतात्म्यांच्या नावे केला.

खेजडलीच्या माणसांना कोणी नेमले नव्हते. झाड आपले आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि कुऱ्हाड घेऊन आले होते ते राज्याचेच लोक. आज जंगलात ज्याचा जीव जातो तो राज्याने नेमलेला असतो, पण राज्याच्या गजबजीपासून फार दूर, एखाद्या संरक्षण कुटीत, फोनला रेंज नसलेल्या दरीत उभा असतो. वणव्यात होरपळलेला, नाल्याच्या लोंढ्यात वाहून गेलेला, वाळूच्या किंवा लाकडाच्या चोरट्या गाडीने चिरडलेला, सर्पदंशानंतर दवाखाना गाठेपर्यंत वेळ निघून गेलेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेची पूर्वतयारी चालू असताना, वनमजुरांना सोबत घेऊन पायी निघालेल्या एका तरुण महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. ज्या आकड्यांचा आपण पुढे अभिमानाने उच्चार केला, २०१८ मधले महाराष्ट्राचे ३१२ वाघ २०२२ मध्ये ४४४ झाले, ते आकडे अशाच पावलांनी मोजले गेले आहेत. दोन किलोमीटरची एक सरळ रेषा जंगलातून आखायची, पहाटे तिच्यावरून चालायचे, दिसलेल्या प्रत्येक चितळाची, सांबराची, गव्याची नोंद करायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गणना म्हणतात ती ही. आपल्यापर्यंत पोहोचते ती तिची शेवटची बेरीज.

त्या वनरक्षकाच्या मृत्यूचा दोष कोणाच्या पदरात घालावा, हा आजचा विषय नाही. पण रांगेत उभे राहून आपण ज्यांना मानवंदना देतो त्यांच्या मागे, त्याच रांगेत, नुकतेच सेवेत आलेले तरुण चेहरे असतात. त्या चेहऱ्यांना आपण काय शिकवून रानात पाठवतो आहोत, किती दिवस शिकवतो आहोत आणि कोणाकडून शिकवतो आहोत, हे या दिवशी स्वतःला विचारल्यावाचून श्रद्धांजली पुरी होत नाही, असे मनापासून वाटते.

ही मुले येतात कुठून? बहुतेक खेड्यांतून. तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे धावणारी, भरती अकादमीच्या शिट्टीवर उठणारी, पोलीस, तलाठी आणि वनरक्षक अशा तिन्ही परीक्षांचे अर्ज एकाच बैठकीत भरणारी मुले-मुली. त्यांत पदवीधर असतात, अभियंते असतात, आणि ज्यांच्या घरची दोन एकर कोरडवाहू जमीन दोन भावांना पुरत नाही असे तर पुष्कळच. वनरक्षकाच्या भरतीत चालण्याची चाचणी असते: पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, महिलांना तेवढ्याच वेळात १६. ती पार करताना या मुलांच्या पायांना फोड येतात, तरी त्यांना त्या अंतराची भीती वाटत नाही, कारण पायी चालणे त्यांच्या घरात अजून जिवंत आहे. रानाची ओढ म्हणून आलेले त्यांच्यात थोडे आणि नोकरी म्हणून आलेले अधिक, हे खरे. पण त्यात कमीपणा कसला? पोटासाठी हाती घेतलेल्या कामावरही माणसाचा जीव जडतो, आणि तो जडावा यासाठीच तर शाळा असते.

आपल्या राज्यात अशा शाळा आहेत. चंद्रपूरची वन अकादमी, पूर्वीचे रेंजर कॉलेज, ताडोबाच्या दारातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला दुसरी अकादमी आहे; कुंडल म्हटले की आपल्याला प्रतिसरकार आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आठवतात, आणि लोकांची सत्ता लोकांनीच सांभाळून दाखवलेल्या त्या मातीत लोकांची जमीन सांभाळण्याचे शिक्षण दिले जावे, याचे समाधान वाटते. वनरक्षकांसाठी चिखलदऱ्याच्या धुक्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या पालला, शहापूरला आणि जालन्याला प्रशिक्षण शाळा आहेत. गोव्याची शाळा सत्तरीतल्या वाळपईला आहे. वनरक्षकाचे प्रशिक्षण साधारण सहा महिन्यांचे, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचे दीड वर्षाचे, आणि भारतीय वन सेवेतले अधिकारी डेहराडूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत घडतात. पहाटेची कवायत, मग वर्ग, मग रोपवाटिका, सर्वेक्षणाची साखळी आणि जीपीएस, कायद्याची कलमे, मृद व जलसंधारण, हत्यारांची ओळख. दिवस भरगच्च असतो.

या शिक्षणाचा पाया कुठे घातला गेला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १८६४ साली डिट्रिक ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि १८७८ साली डेहराडूनला वनशाळा उघडली. रेल्वेला स्लीपर हवे होते, जहाजांना साग हवा होता. त्यामुळे पहिल्या पिढ्यांना शिकवले गेले ते मुख्यतः लाकडाचे घनफळ काढणे, कूप आखणे, तोडायच्या झाडावर हातोड्याचा ठसा मारणे, आणि गावकऱ्याला रानाबाहेर ठेवणे. त्या शाळेने जंगल टिकवण्याचे शास्त्रही दिले, हे कृतज्ञतेने मान्य करू. पण जंगल कोणाचे, या प्रश्नाचे तिचे उत्तर ठरलेले होते. १९२७ चा भारतीय वन कायदा त्याच उत्तरावर उभा आहे आणि आजचा वनरक्षकही त्याच कायद्याखाली गुन्हा नोंदवतो. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. १९८८ च्या वननीतीने लाकडाच्या उत्पन्नापेक्षा पर्यावरणाचा समतोल आणि स्थानिकांच्या गरजा वर ठेवल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचे हक्क लेखी मान्य केले. म्हणजे दीडशे वर्षांत त्या मूळ प्रश्नाचे उत्तर बदलत गेले आहे. अभ्यासक्रमात नवी प्रकरणे जोडली गेली. पण नव्या उत्तराला लागणारी नजर मुलांच्या अंगी कशी यावी, याचा विचार प्रकरणे जोडण्याइतका सोपा नसतो.

ती नजर कशी येते, हे पाहायचे असेल तर याच दिवसांत मेळघाटातल्या एखाद्या कुरणात जाऊन उभे राहावे. सप्टेंबरात गवत फुलोऱ्यावर येते, आणि गवत ओळखायचे ते फुलोऱ्यावरच. एरवी नवख्या डोळ्याला सगळे एकच हिरवे दिसते. शिकवणारा एक काडी उपटतो आणि पेरापाशी बोट ठेवतो: तिथे पांढऱ्या लवेचे बारीक कडे असते, ही मारवेल. चितळ हिच्यावर तुटून पडते. दुसरी काडी घेऊन तो पान चुरगाळतो आणि प्रत्येकाच्या नाकाशी धरतो. तो तिखट सुगंध एकदा डोक्यात गेला की तिखाडी कधी विसरत नाही. छपराला उत्तम, पण जनावर सहसा तोंड लावत नाही. मग कुसळ. कोवळे असताना जनावरे आवडीने खातात, पण पक्व झाल्यावर त्याच्या काळपट शेपट्या एकमेकींत पीळ घालून बसतात. त्यातली एक ओल्या तळहातावर ठेवली तर ती आपोआप उलगडत फिरू लागते. दमट हवेत फिरत फिरत हे बी स्वतःला जमिनीत पेरून घेते. मुले वाकून पाहत राहतात, कोणी वहीत चित्र काढतो, आणि जे कुरण सकाळी नुसते गवत होते त्याला दुपारपर्यंत निदान चार नावे मिळालेली असतात.

हा धडा दिसतो त्याहून मोठा आहे. वाघ राखायचा तर हरीण राखले पाहिजे आणि हरीण राखायचे तर गवत, हे आपण सगळेच बोलतो. पण कुरणात तरोटा आणि रानतुळस माजली की गवत मागे हटते, आणि तरोटा उपटायचा तो शेंगा पिकण्याआधी. आठवडा-दोन आठवडे उशीर झाला तर उपटण्याचे श्रम पेरणीच्या कामी येतात, कारण ओढताना शेंगा फुटतात आणि बी सगळीकडे उडते. हे ज्याला कळते त्याच्या हातून सरकारी पैसा सत्कारणी लागतो. ज्याला कळत नाही तो डिसेंबरात मजूर लावून कुरण स्वच्छ झाल्याचा अहवाल पाठवतो. दोन्ही अहवाल कागदावर सारखेच दिसतात.

मेळघाटातली काही कुरणे कोहा, कुंड, बोरी या गावांच्या जागी उभी राहिली आहेत. ती गावे तिथून उठली, माणसे पायथ्याला वसली, आणि शेतांच्या बांधांवर आज गवे चरतात. गवताच्या वर्गातल्या मुलांना हेही तिथेच सांगितले पाहिजे: इथे चुली होत्या, इथे कोणाचे तरी मोहाचे झाड होते. ज्या जमिनीची राखण आपल्याकडे आली आहे तिच्यासाठी कोणीतरी घर सोडले आहे, हे माहीत असलेला वनरक्षक त्या लोकांशी वेगळ्या आवाजात बोलेल.

या संदर्भात वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींची आठवण येणे स्वाभाविक आहे. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांचे शिक्षण कोइमतूरच्या वन महाविद्यालयात झाले आणि पुढची सारी हयात कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत गेली. झाडांची शास्त्रीय नावे त्यांना महाविद्यालयाने दिली. पण नवेगावच्या तळ्यावरच्या पाखरांचे येणे-जाणे, विणीच्या जागा, त्यांची स्थानिक नावे हे त्यांनी माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या गावच्या जाणत्या माणसाकडून घेतले. गोंड, कोरकू, कोळी, ढिवर अशा माणसांच्या शेजारी बसून ते शिकत राहिले. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या वनाधिकाऱ्याकडे आले तेव्हा मराठीने जणू त्या सगळ्या अनाम गुरूंचाही सत्कार केला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सालीम अलींचा. त्या दोहोंमधला आठवडा आपले राज्य पक्षी सप्ताह म्हणून साजरा करते. आपण त्यांची पुस्तके वाचून हरखून जातो. त्यांनी ज्या पद्धतीने ज्ञान मिळवले ती पद्धत मात्र अजून आपल्या प्रशिक्षण शाळांची रीत झालेली नाही. चितमपल्ली स्वतःच्या स्वभावाने त्या माणसांपर्यंत गेले. प्रत्येक वनरक्षकाने तसेच स्वभावाने जावे, अशी आशा धरून व्यवस्था चालत नसते.

आणि रानात जितके जनावरांशी, त्याहून अधिक काम माणसांशी. जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. तोडकरी घाबरतात, गाव गोळा होते, मोबाइल वर होतात. अशा वेळी तिथे पोहोचलेल्या वनरक्षकाला आधी गर्दी मागे सारायची असते, पिल्लांना शक्य तितका कमी हात लावायचा असतो, आणि संध्याकाळी त्याच जागी ती टोपलीत किंवा खोक्यात ठेवून, कॅमेरा लावून, दूर जाऊन बसायचे असते. बहुतेकदा अंधारात आई येते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. हे ऐकायला सोपे आहे. पण ज्या शेतकऱ्याची शेळी चार दिवसांपूर्वी गेली आहे, ज्या बाईचे लेकरू अंगणात खेळते, त्यांना ‘पिल्ले इथेच ठेवायची आहेत’ हे सांगण्यासाठी लागणारा धीर, शब्द आणि गावातली पत कोणत्या तासिकेत मिळते? पिल्ले उचलून नेली तर सैरभैर झालेली मादी त्याच गावाभोवती घिरट्या घालत राहते, हे पटवून द्यावे लागते, आणि तेही दहा मिनिटांत. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती २०११ नंतर वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून हेच काम केले. वनकर्मचारी, पोलीस आणि पत्रकार यांना बिबट्याच्या शेजारी राहण्याचे धडे दिले गेले. जगातल्या इतक्या दाट वस्तीच्या शहराला खेटून बिबटे नांदतात, त्याचे श्रेय पिंजऱ्यांपेक्षा अशा बोलण्याला अधिक आहे.

कायद्याची गोष्टही तशीच. शिकार झाली, आरोपी हाती लागला, तरी न्यायालयात खटला उभा राहतो तो पंचनाम्यावर. नखे, कातडे, तारेचा फास कुठे सापडला, कोणासमोर सील केला, वेळ काय होती, सही कोणाची. रात्री दोन वाजता, पावसात, बॅटरीच्या उजेडात लिहिलेल्या त्या कागदावर पुढे कित्येक वर्षे उलटतपासणी होते. सहा महिन्यांत असे किती पंचनामे मुलांच्या हातून लिहून घेतले जातात आणि किती नुसते फळ्यावर समजावले जातात, यावर पुष्कळ काही ठरते. ट्रॅप कॅमेऱ्यांचे तेच. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे, हे एका वाक्यात सांगता येते. वाट कोणती, उंची किती, समोरची फांदी वाऱ्याने हलून शेकडो रिकामी छायाचित्रे निघणार नाहीत ना, हे लावून लावूनच कळते. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून धरतात. त्याआधी जाळरेषा तयार झाल्या पाहिजेत. उपग्रहावरून आगीचा संदेश फोनवर येतो, पण वारा कोणत्या खिंडीतून फिरेल हे त्या बीटवर वीस वर्षे राबलेला वनमजूर सांगतो.

सार्वजनिक जमीन म्हणजे काही केवळ वन विभागाची नव्हे. सप्टेंबरातच कासचे पठार फुलते. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलेल्या त्या सड्यावर दिवसाला किती माणसे सोडायची, गाड्या कुठे थांबवायच्या, कोणत्या पायवाटेच्या बाहेर पाय पडू द्यायचा नाही, हे पाहतात ती भोवतालच्या गावांतली मुले, संयुक्त वन व्यवस्थापन समितीची. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या पासवर स्वतःचा बांबू विकला. त्यानंतर विदर्भात कितीतरी ग्रामसभांकडे हजारो हेक्टर जंगलाची जबाबदारी आली. त्या जंगलाचा आराखडा करायचा, बांबू किती कापायचा आणि किती राखायचा ते ठरवायचे, तेंदूच्या हंगामाचा हिशेब ठेवायचा, आग लागली तर धावायचे. हक्क देणारा कागद आला, पण ते सगळे शिकवणारी, गावाच्या जवळची, गावाच्या भाषेत बोलणारी शाळा बहुतेक ठिकाणी अजून यायची आहे. काही संस्था आणि काही जिद्दी माणसे हे काम करतात. त्यांच्या भरवशावर एवढा मोठा पसारा किती वर्षे चालवायचा?

शहरात आलो तर चित्र आणखी विरळ. आपल्या नगरपालिकांच्या बागा ज्या माळ्यांच्या हातावर उभ्या आहेत त्यांना छाटणीचे शास्त्र कोणी शिकवले, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘आधीच्या माळ्याने’ असे येते. राज्याचा नागरी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले. त्या वारशाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतू नये, एवढे समजावून सांगणारा माणूस मात्र प्रत्येक वॉर्डात सापडत नाही.

या सगळ्यात हुरूप वाटावा असेही पुष्कळ आहे. संरक्षण कुटीत आळीपाळीने राहणाऱ्या, मोटारसायकलवर कच्च्या वाटा तुडवणाऱ्या, गावच्या बायांशी थेट चुलीपाशी बसून बोलणाऱ्या महिला वनरक्षक आज जागोजाग आहेत, आणि त्यांच्यामुळे सरपण, मोहफूल, डिंक या विषयांवर वन विभागाला पूर्वी ऐकू न येणारे आवाज ऐकू येऊ लागले आहेत. नवी मुले फोनवर गस्तीची नोंद करतात, पक्ष्यांचे आवाज साठवतात, एकमेकांना पानांची छायाचित्रे पाठवून नावे विचारतात. शिकण्याची भूक आहे. पावसाळ्यात बहुतेक व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे पर्यटकांना बंद असतात तेव्हा हीच मुले चिखलातून गस्त घालतात, कारण शिकाऱ्याला पाऊस सोयीचा असतो. १ ऑक्टोबरला दरवाजे उघडतील, आपण कुटुंबकबिल्यासह जिप्सीत बसू, आणि वाघ दिसला नाही म्हणून हळहळत परतू. त्या दिवशी फाटकावर उभ्या असलेल्या गणवेशातल्या मुलाला किंवा मुलीला वाघाऐवजी एखाद्या गवताचे नाव विचारून पाहावे. सांगताना त्यांचा चेहरा कसा उजळतो, ते पाहण्यासारखे असते.

प्रशिक्षणावरचा खर्च हा खर्चाच्या यादीत नेहमी तळाशी राहतो. इमारत दिसते, गाडी दिसते, रोपवनाचा फलक दिसतो. शिकलेला माणूस तसा दिसत नाही. सेवेत लागल्यावर प्रशिक्षणाची पाळी यायला वेळ लागतो आणि तोवर नव्या मुलाला बीट सोपवलेले असते, असेही घडते. एकदा सहा महिने झाले की पुढे निवृत्तीपर्यंत उजळणीचे वर्ग तुरळक. पहिली गोष्ट ही बदलावी: गणवेशासोबत प्रशिक्षण, आणि दर काही वर्षांनी परत शाळेत येणे, गवत फुलोऱ्यावर असताना, पानगळीत, वणव्याच्या आधी, अशा रानाच्या वेळापत्रकाने. दुसरी गोष्ट वनमजुरांची. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणारी ही माणसे अधिकाऱ्यांच्या पुढे चालतात, वाघाचा माग त्यांनाच आधी दिसतो, आणि हल्ला झाला तर जखमही बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. हुतात्म्यांच्या यादीत त्यांची नावे गणवेशातल्या नावांइतक्याच मानाने वाचली जावीत. आणि चिखलदऱ्याच्या, पालच्या, चंद्रपूरच्या वर्गांत, जिथे आज शिकवणाऱ्यांच्या वेळापत्रकात अधिकारी आणि प्राध्यापकांची नावे असतात, तिथे कोरकू, पावरा, गोंड, माडिया जाणत्यांच्या तासिका असाव्यात: पाहुणे म्हणून वर्षातून एकदा नव्हे, तर शिक्षक म्हणून, ठरलेल्या मानधनावर, आणि परीक्षेत त्या विषयाला इतरांइतकेच गुण ठेवून.